बंद पाकिटातली मेव्ह

"एकदा फोडलं की पुरावा गेला, पोरी," म्हणत लोरेटा ड्वायरनं पाकिटावर तळहात ठेवला.

समोर बसलेली निया कॉमिक्सच्या कंपनीत नवी संपादक होती. जुनं कपाट आवरताना तिला आपली चित्रकथा छापा म्हणून लोरेटानं अडतीस वर्षांपूर्वी लिहिलेलं पत्र सापडलं होतं. कधीच न छापलेल्या महानायकांचा एक संग्रह काढायचं तिच्या मनात होतं आणि सोमवारी मालकांपुढं पानं ठेवायची होती. पत्र होतं, पण पानं नव्हती. त्यांची एकच प्रत उरली होती, ती या पाकिटात.

लोरेटानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या नायकांच्या तोंडी अक्षरं घातली. लेखक संवाद लिहीत, चित्रकार चित्रं काढीत आणि ही क्वीन्समधल्या घरी आपल्या टेबलाशी बसून संवादांच्या फुग्यांत काळ्या शाईनं एकेक अक्षर बसवी. स्वतःची म्हणावी अशी गोष्ट तिला एकच सुचली होती, मेव्ह नावाच्या महानायिकेची. मेव्ह फेरीबोटीच्या धक्क्यावर तिकिटं देई. कोसळणारं काहीही ती अधांतरी थोपवू शके, पण हात वर असतील तोवरच. शेवटच्या पानावर तिनं अख्खा पूल तोलून धरला होता आणि त्याच्याखालून माणसं घरी जेवायला निघाली होती.

तीन संपादकांनी ती गोष्ट परत केली. एकानं विचारलं होतं, बाई नुसती उभीच राहणार, की कुणाला ठोसाही मारणार?

मेव्हची चित्रं लोरेटाबरोबर काम करणाऱ्या सॅल पिकोरारोची होती. पाकिटाची अक्कलही त्याचीच. धंद्यातले सगळे असंच करीत. आपली कल्पना आपल्याच पत्त्यावर टपालानं पाठवायची, पाकीट आलं की न फोडता ठेवायचं. टपालाच्या शिक्क्यावरची तारीख हीच साक्षीदार, कुणी कल्पना चोरलीच तर पाकीट न्यायाधीशासमोर फोडायचं. लोरेटानं पाकीट मेरीमातेच्या मूर्तीमागं ठेवलं आणि रोज त्याच्यासमोर जपमाळ ओढली. मूळ चित्रं सॅलच्या तळघरात होती. तो गेला आणि पुढल्याच वर्षी तळघरात पाणी शिरलं.

"छापशील?" लोरेटानं आता नियाला विचारलं.

"पानं हातात असतील तर मालकांशी भांडेन. वचन नाही देत, मिस ड्वायर."

खोटं बोलली नाही म्हणून लोरेटाला ती आवडली. तिनं छातीवर क्रूस काढला आणि पाकिटात सुरी घातली.

बावीस पानं निघाली, चित्रांच्या जागी सगळी पांढरी. सॅलनं ऑफिसातल्या यंत्रावर प्रती काढून दिल्या होत्या. त्या गुळगुळीत कागदावर उष्णतेनं चित्र उमटे आणि वर्षं सरली की आपोआप विरून जाई. हे तेव्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. त्या प्रतींवर लोरेटानं शाईनं काढलेले फुगे आणि अक्षरं मात्र काल लिहिल्यासारखी काळीभोर होती. कोऱ्या पानात फुगे तरंगत होते, खाली बोलणारं कुणी नव्हतं.

नियानं शेवटचं पान खिडकीशी धरलं. त्यावर एकच फुगा होता: 'जा तुम्ही. मी आहे इथं.'

मग नियानं विचारलं, "दुसऱ्या कुणाकडून काढून घेऊ या? तुम्ही सांगा, ती कशी दिसायची."

लोरेटानं डोळे मिटले. चाळीस वर्षांत ज्यांच्या तोंडी अक्षरं घातली त्या सगळ्या नायिका एकामागून एक समोर आल्या. मेव्ह आली नाही.

"सॅललाच ठाऊक होतं गं ते," ती म्हणाली. "बस, तुला सँडविच देते. शुक्रवार आहे, मांस चालत नाही, ट्यूना माशाचंच मिळेल."

नियानं अर्धं खाल्लं, पुन्हा पुन्हा माफी मागितली आणि ती गेली.

दुपारी लोरेटानं पानं क्रमानं लावली, नव्या पाकिटात घातली आणि चिकटवली. पत्ता तिनं एकेक अक्षर सुटं काढून लिहिला.

टपालघरातल्या माणसानं पाकीट उलटसुलट करून पाहिलं. "आजी, पाठवणारं आणि घेणारं एकच लिहिलंय तुम्ही."

"बरोबर आहे."

"लवकर पोचायला हवं का?"

"नाही," लोरेटा म्हणाली. "शिक्का तेवढा नीट उमटू दे."