आत्याची पेंड

पाणी शुद्धीकरण केंद्राचे मुख्य अभियंता अकराला येणार होते, आणि सकाळी नऊलाच केंद्रातल्या केमिस्टबाईंच्या पायाखालची वाळू सरकली. तीन किलो सोललेल्या शेवग्याच्या बिया त्यांनी कोरडी जागा म्हणून आत्याच्या तेलघाण्यावर ठेवल्या होत्या. आत्याने त्यांचं तेल काढून टाकलं होतं.

"घाण्यावर आणून ठेवलंस, मग मी काय पूजा करू?" आत्या म्हणाली.

"अगं, तेल नको होतं. गढूळ पाणी निवळायला बिया हव्या होत्या. आज पाणी निवळलं नाही, तर साहेब प्रयोगच बंद करणार आहेत."

"मग पेंड ने. तेल तेवढं गेलं, बी कुठे गेलं?"

दुसरा उपाय नव्हता. बाईंनी मूठभर पेंड प्रयोगशाळेत नेऊन बारीक कुटली, पाण्यात कालवली, फडक्यातून गाळली. हाती आलं पांढरट, दुधासारखं पाणी.

साहेब आले. "बाई, ही तर ढेप. गावाला पाणी पाजायचंय, म्हशींना नाही."

"अर्धा तास द्या, साहेब."

नदीच्या मातकट पाण्याची सहा काचपात्रं ओळीत होती. एकेकात बाईंनी चढत्या मापाने ते दूध ओतलं. काचपात्रांतली ढवळणारी पाती आधी वेगाने, मग संथ फिरू लागली. काही वेळ काहीच घडलं नाही. गढूळपणा आपल्याच धुक्यात हरवून फिरत राहिला. आणि मग चौथ्या पात्रात एक कण दुसऱ्याला बिलगला, त्यांना तिसरा. पुंजके धरू लागले, जड झाले, तळाकडे निघाले. बाईंचे डोळे लकाकले. दोन वर्षं प्रत्येक पात्रावर दिसणारा तेलाचा तवंग आज कुठेच नव्हता. मातीला धरणारं जे काही होतं ते पाण्यात विरघळणारं होतं; तेलात ते कधी नव्हतंच, आणि त्यांनी मात्र दोन वर्षं बी तेलासकट अख्खंच वाटून वापरलं होतं.

साहेबांनी गढूळपणा मोजणाऱ्या यंत्राचा आकडा वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. मग हळूच म्हणाले, "चाचणीची धाकटी टाकी उद्यापासून तुमची. पेंड आहे ना पुरेशी?"

बाईंनी फोन लावला. "आत्या, उरलेली पेंड?"

"कुंड्यांना घालतेय. झाडं कशी टवटवीत होतील बघ."

"हात थांबव, आत्या. मी निघालेच," म्हणत बाई अंगावरच्या पांढऱ्या कोटासकट जिना उतरत होत्या.