तिसऱ्या फेरीचा नियम

दुकानाचं शटर साडेनऊला वर जायचं आणि पावणेदहाला तक्रारबाई हातात फडकं घेऊन आपलं तक्रारींचं काउंटर पुसताना दिसायच्या. झाडलोट करणारी माणसं होती, पण आपल्या टेबलावर दुसऱ्याचं फडकं फिरलेलं त्यांना खपत नसे. तक्रारबाई हे नाव दुकानातल्याच लोकांनी पाडलेलं. बावीस वर्षांत त्यांनी स्वतः कशाबद्दल कुरकुर केल्याचं कुणाला आठवत नव्हतं. त्या फक्त दुसऱ्यांची ऐकून घेत. रुमालापासून कपाटापर्यंत सगळं मिळणाऱ्या त्या दुकानाला अख्खं शहर नुसतं 'चारमजली' म्हणे. 'चारमजलीतून आणलंय' एवढं सांगितलं की पुढे कुणी काही विचारत नसे.

हा विश्वास जाहिरातींनी मिळालेला नव्हता. थोरले मालक होते तेव्हा दर शनिवारी ते तक्रारबाईंच्या शेजारी येऊन बसत. एकदा एक गृहस्थ तीन वर्षं वापरलेली छत्री घेऊन भांडायला आले. मालकांनी ती दुरुस्त करवून घरपोच पाठवली, तर गृहस्थ इतके ओशाळले की पुढच्याच आठवड्यात येऊन दोन नव्या छत्र्या घेऊन गेले. असं हे दुकान होतं. माल बिघडला तर माणूस चिडायचा, पण फसवलं गेल्याची भावना घेऊन कुणी पायऱ्या उतरत नसे.

थोरले मालक गेले आणि कारभार धाकट्यांच्या हाती आला. गिऱ्हाइकांसाठी मांडलेल्या खुर्च्या उचलल्या गेल्या, तिथे अत्तरांच्या बाटल्या आल्या. विक्रेते निम्म्यावर आले. साधा टॉवेल हवा असला तरी तीन मजले हिंडून कुणाची तरी मनधरणी करावी लागे. माल कुठून तरी स्वस्तातला येई आणि त्यावर चारमजलीचं जुनं लेबल चढे. तक्रारी वाढणारच होत्या. त्या कमी करण्यासाठी धाकट्या मालकांनी माल सुधारला नाही. एक नवा मॅनेजर आणला.

मॅनेजर मृदू बोलणारा होता. त्यानं तक्रारबाईंना काचेच्या केबिनमध्ये बोलावलं, स्वतः चहा मागवला आणि नियम समजावून सांगितला.

"गिऱ्हाइकाकडून तक्रारीची चिठ्ठी हसून घ्यायची, पोच द्यायची, 'चौकशी चालू आहे' म्हणायचं. चिठ्ठी वाचायची नाही. दुसऱ्यांदा आले तरी हेच. तिसऱ्यांदा आले की मग वर माझ्याकडे पाठवा."

"वाचायची नाही, तर मग त्यांनी लिहायची कशाला?"

"लिहिलं की राग निम्मा उतरतो, बाई. दहातले सात जण तिसऱ्यांदा येतच नाहीत. आणि तुम्ही वाचलंत तर ते तुमच्या चेहऱ्यावर दिसेल. तुमचा चेहरा लोकांना खरा वाटतो, तो तसाच राहू दे."

तक्रारबाई दोन दिवस अस्वस्थ होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी मॅनेजरला सांगून पाहिलं की हे थोरल्यांना चाललं नसतं. तो म्हणाला की पटत नसेल तर त्या जागी तो दुसऱ्या कुणाला बसवेल, आणि ती व्यक्ती लोकांवर खेकसेल. निदान तुमच्याकडून त्यांना चार गोड शब्द तरी मिळतील. तक्रारबाईंना निवृत्त व्हायला दोन वर्षं उरली होती. त्यांनी मान डोलावली. इथे त्यांनी मान हलवून नाही म्हटलं असतं, तर ही गोष्ट लिहायची वेळ आली नसती. पण आपल्यातले किती जण नाही म्हणाले असते, हे ज्याचं त्यानं मनाला विचारावं.

सवय लागायला महिना पुरला. चिठ्ठी हाती आली की तक्रारबाई ती लगेच मधोमध दुमडत, म्हणजे अक्षरांवर नजर पडायला नको. संध्याकाळी दिवसभराच्या चिठ्ठ्यांना रबर लावून त्या खालच्या खणात टाकत. लोक म्हणत, "तुम्ही आहात म्हणून बरं, नाहीतर हल्ली इथे विचारतं कोण." सुरुवातीला हे ऐकून त्यांना तोंड लपवावंसं वाटे. पुढे पुढे त्या नुसत्या हसत. लोकांच्या तोंडाला पानं पुसली जात होती आणि पुसणारा हात त्यांचा होता, पण तो इतका मऊ होता की कुणाला कळत नव्हतं.

घरी दोघी जावा. तक्रारबाई खालच्या मजल्यावर, धाकटी वरच्या, आणि सासूबाई जिथे गरम चहा मिळेल तिथे. धाकटी जाऊ खिडकीशी मशीन मांडून लहान मुलींचे फ्रॉक शिवायची. तिचा हात इतका सुबक की वाढदिवस जवळ आला की आया मुलींना घेऊन जिन्यात रांग लावत. कामातून सारखं चहासाठी उठावं लागतं म्हणून तिला पाणी तापवायची विजेची किटली हवी होती. तक्रारबाईंनीच ती चारमजलीच्या तिसऱ्या मजल्यावरून निवडून आणून दिली. "आपल्याकडची आहे, डोळे मिटून वापर," असंही वर सांगितलं. त्या वेळी त्यांना ते खरंच वाटत होतं.

त्या मंगळवारी अकराच्या सुमाराला दुकानात धाकट्या दिरांचा फोन आला. उकळतं पाणी भरलेली किटली उचलताना मूठ हातात राहिली आणि किटली खाली आली होती. धाकटीचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला होता, मांडीवरही पाणी सांडलं होतं. तक्रारबाई होत्या तशा हॉस्पिटलात पोचल्या. डॉक्टरांनी दिरांना बाजूला घेऊन सांगितलं की कातडी भरून येईल, पण दोन बोटं पहिल्यासारखी वाकतील की नाही हे आत्ताच सांगता येत नाही.

दुपारी धाकटीला थोडी हुशारी आली. तिनं पहिला प्रश्न विचारला तो असा.

"ताई, माझी चिठ्ठी कुठपर्यंत गेली होती?"

"कसली चिठ्ठी गं?"

मग तिनं थांबत थांबत सांगितलं. महिन्यापूर्वी किटलीची मूठ हलायला लागली होती. ती चारमजलीत गेली, पण मुद्दाम जेवणाच्या सुट्टीत, जेव्हा तक्रारबाई वर डबा खात असतात आणि छत्र्यांच्या काउंटरवरची मुलगी चिठ्ठ्या घेते. घरच्याच माणसानं ताईंपुढे तक्रार घेऊन उभं राहणं तिला बरं वाटेना. लोक म्हणाले असते, हिच्या घरच्यांचं आधी होतं. पंधरा दिवसांनी ती तशाच वेळी पुन्हा जाऊन आली. दोन्ही वेळा पोच मिळाली आणि चौकशी चालू असल्याचं उत्तरही मिळालं.

"मग मला घरी का नाही बोललीस?"

"तुम्हीच काही बोलला नाहीत ना. चिठ्ठीवर नाव होतं, पत्ता होता. मला वाटलं, तुम्ही वाचलीच असणार. घाबरण्यासारखं काही असतं तर ताई धावत वर आल्या असत्या, असं मी आईंनाही म्हटलं. म्हणून वापरत राहिले."

छत्रीवाल्या मुलीनं चिठ्ठी हरवली असेल, हे वाक्य तक्रारबाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते खपलंही असतं. बावीस वर्षांत लोकांना खरं वाटेल असं बोलण्याची त्यांना सवय झाली होती. पण पट्ट्या गुंडाळलेला तो हात समोर होता.

"मी वाचली नाही," त्या म्हणाल्या. "तुझीच नाही, कुणाचीच वाचत नाही. आम्हाला तसं सांगितलंय. संध्याकाळी मीच त्या बांधून खणात टाकते."

धाकटीनं तोंड भिंतीकडे फिरवलं. अठरा वर्षं दोघी एका घरात होत्या. दळणावरून, वाळत घातलेल्या कपड्यांवरून, मुलांच्या भांडणांवरून पुष्कळदा वाजलं होतं. पण तिनं अशी पाठ कधी फिरवली नव्हती. घरच्याच माणसानं केसानं गळा कापला असं तिला वाटत असणार, आणि तिला खोटं ठरवायला तक्रारबाईंकडे काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी काउंटर पुसलं नाही. खालचा खण ओढला, जमिनीवर बसकण मारली आणि एकेक चिठ्ठी उघडून वाचायला घेतली. समोर माणसं येऊन उभी राहिली, त्यांना त्या 'जरा थांबा' एवढंच म्हणाल्या. धाकटीचं गोल अक्षर लगेच ओळखू आलं. 'मूठ हलते. घरात वयस्कर माणूस आहे. कृपया लवकर कळवावे.' दुसऱ्या चिठ्ठीत तेच, आणि खाली एक ओळ जास्तीची: 'काउंटरवरच्या ताईंना याचा त्रास होऊ नये.' तसल्याच किटल्यांबद्दल आणखी चौदा चिठ्ठ्या निघाल्या. कुणी रागानं लिहिलं होतं, पण बहुतेकांनी अदबीनं लिहिलं होतं, जसं आपल्या माणसाला लिहितात.

मॅनेजर खाली आला तेव्हा त्याला सगळं कळलेलं होतं. त्यानं त्यांना बाजूला नेलं, फार वाईट वाटल्याचं सांगितलं आणि दवाखान्याचा सगळा खर्च दुकान करेल असा शब्द दिला. फक्त एका कागदावर जाऊबाईंची सही आणायची होती. किटली त्यांच्या हातून निसटली, एवढंच त्यात लिहिलेलं असेल.

"घरचंच माणूस आहे," तो म्हणाला. "तुम्ही सांगितलंत तर करतील त्या."

"करेल. मी सांगितलेलं ती ऐकते, म्हणूनच भाजली."

तिसऱ्या मजल्यावरच्या किटल्या आजच्या आज खाली उतरवणार का, असं त्यांनी विचारलं. त्यानं घसा साफ केला.

"त्याची चौकशी चालू आहे, बाई."

हे वाक्य तक्रारबाईंइतकं चांगलं त्या इमारतीत कुणालाच माहीत नव्हतं. कुठे किती थांबायचं, कोणत्या शब्दावर हसायचं, सगळं त्यांनीच तर घोटलेलं. आज पहिल्यांदा ते समोरून आलं. त्यांनी किटलीच्या चौदा चिठ्ठ्या पिशवीत घातल्या. मॅनेजरनं आठवण करून दिली की कागद दुकानाचे आहेत आणि दोन वर्षंच उरली आहेत. त्या म्हणाल्या की कागद लोकांचे आहेत, आणि उरलेल्या दोन वर्षांत हे करत राहणं त्यांना जमणार नाही. काउंटरसमोर ताटकळलेल्यांना त्यांनी मोठ्यानं सांगितलं की इथे चिठ्ठी वाचली जात नाही. लिहायची असेल तर हे जाणून लिहा. मग त्या भर दुपारी पुढच्या दारानं बाहेर पडल्या.

पहिला पत्ता दोन गल्ल्या पलीकडचा होता. दार एका निवृत्त टपालमास्तरांनी उघडलं. त्यांनी तक्रारबाईंना बघितलं आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"अहो, या या. मी हिला म्हणतच होतो, उशीर होईल, पण चारमजलीवाले माणूस पाठवणार. आमची चाळीस वर्षांची ओळख आहे. ही म्हणत होती, किटली बाजूला ठेवू या. मीच म्हटलं, वापर, त्यांच्या बाईंनी स्वतः चिठ्ठी घेतलीय."

"ती आता वापरू नका," तक्रारबाई म्हणाल्या. "मूठ सुटते. काल माझ्या जावेचा हात भाजला."

"म्हणजे चौकशी पूर्ण झाली तर."

"चौकशी झालीच नाही. मला दुकानानं पाठवलेलं नाही. तुमची चिठ्ठी मी हसून घेतली आणि न वाचता खणात टाकली. आज सकाळी पहिल्यांदा वाचली."

टपालमास्तर रागावले असते तर बाईंना सोपं गेलं असतं. आतून भांड्यांचा आवाज येत होता. कुणीतरी नळ सोडला, पाणी भरलं, नळ बंद केला.

"आत जा," ते हळूच म्हणाले, "आणि तिला तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर ती ऐकायची नाही. तिचा तुमच्यावर फार विश्वास आहे."

तक्रारबाईंनी दाराशी चपला काढल्या आणि त्या स्वयंपाकघराकडे वळल्या.