गंधकबाबांचे हिरवे थेंब

रविवारी सकाळी विद्याधर नगरातल्या त्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर गंधकबाबा. रोग्याने ग्लासातल्या पाण्यात अंगठा बुडवायचा, बाबांनी 'रोगदर्शक' थेंब टाकायचे, की पाणी तपकिरी. मग दुसऱ्या बाटलीतलं 'हरित गंधक' टाकायचं, की पाणी पुन्हा स्वच्छ. लोक हात जोडत होते.

"अंदर का ज़हर देखा? गया! ना केमिकल, ना फैक्टरी. सिर्फ़ पानी, धूप और मंत्र." मंत्र म्हणताना बाबा डोळे मिटायचे, पण एकही थेंब ग्लासाबाहेर पडत नव्हता.

पाणी आणि ऊन, हे तर माझेच शब्द. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. औषधांना लागणारी गंधकाची संयुगं विषारी द्रावकांऐवजी पाण्यात, प्रकाशाच्या मदतीने करायची, हे माझं 'हरित' रसायनशास्त्रातलं संशोधन. इथल्या मराठी मंडळात मी त्यावर बोलले होते. रेल्वेत नोकरीला असलेले राजरत्न तायडे तेव्हा पुढेच बसले होते. आज ते मला दारातच भेटले.

"मॅडम, तुमीच तं म्हनलं होतं ना, पान्यात अन् उन्हात औषध बनते म्हनून? बाबाजीबी तेच सांगते. मंग पोरीच्या केमिकलच्या गोळ्या बंद केल्या आमी."

त्यांच्या सुरुचीची थायरॉईड ग्रंथी अतिवेगाने काम करते. गोळी थांबली तर हृदयावर बेततं. ती मंचावर उभी होती, आणि तिच्या थरथरत्या हातातलं पाणी सांडत होतं.

मी वर चढले. "बाबाजी, एक ग्लास बिना अंगूठे का कीजिए."

"बिना रोगी के ज़हर नहीं दिखेगा, बहनजी."

"तो वही दिखाइए."

बाबांनी डोळे मिटले. सुरुची बारावी सायन्सची. तिने 'रोगदर्शक' थेंबांची बाटली उचलली आणि कोऱ्या पाण्यात थेंब टाकले. पाणी तपकिरी झालं.

"मॅडम, मतलब हे पाणीपण आजारी आहे?"

सभागृह हसलं. ती हसली नाही.

मी सभागृहाच्या प्रथमोपचाराच्या पेटीतलं टिंक्चर आयोडीन दुसऱ्या ग्लासात टाकलं. तोच रंग, म्हणजे रोगदर्शक थेंब आयोडीनचेच. बाबांच्या हरित थेंबांनी तोही गेला. आयोडीनचा रंग घालवणारा हायपो नावाचा गंधकाचा क्षार फोटो धुणाऱ्यांकडे असायचा, तसलंच काही त्या बाटलीत होतं. गंधकाचे अणू जोडताना हा रंग उडालेला मी प्रयोगशाळेत नेहमी पाहते. तिथे कुणी मंत्र म्हणत नाही.

"राजरत्नजी," मी म्हटलं, "हरित म्हणजे औषध बनवताना विषारी कचरा कमी. औषध तेच राहतं आणि ते घ्यावंच लागतं. सुरुचीच्या गोळीतही गंधकच आहे."

ते खाली बघत म्हणाले, "मंग आज रातच्याला देतो गोळी."

मी सुरुचीचं मनगट धरलं. नाडी इतकी पळत होती की मला मोजता येईना. "रात्री नाही. आत्ता हॉस्पिटल."

आम्ही निघालो तेव्हा मागे नवा ग्लास भरला जात होता आणि रांग तशीच उभी होती. मला त्या लोकांचा राग आला, आणि भीतीही वाटली. त्यांना एवढंच सांगायचं होतं: ग्लासाकडे बघू नका, आपल्या माणसाकडे बघा. पाणी निवळलं होतं, पण पोरीचा जीव अजून धोक्यात होता.