फळ्यावर फिरलेलं पॉलिश

मित्रांनो, मी एक जुना लाकडी फळा आहे. एका पॉलिशवाल्याने मला आपल्या बायकोसाठी बनवलं. फळी रंधली, घासली, वर काळा रंग दिला. त्याची बायको पुढच्या खोलीत मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवायची. सगळे त्यांना बाई म्हणायचे. तोही.

बाईंचा शेवटचा धडा होता 'गेट ओव्हर'. 'अडचण पार करणे' असा अर्थ त्यांनी माझ्यावर लिहिला.

"बाई, म्हणजे गेटावरून उडी मारायची?" वर्गातल्या एका ट्रकवाल्याने विचारलं.

"मार. पाय मोडून पडलास आणि त्या दुखण्यातून उठलास, तरी हेच म्हणायचं."

सगळे हसले. बाईंनी भिंत ओलांडण्याचं एक वाक्य लिहिलं, तापातून उठण्याचं दुसरं. तिसरं दुःखातून बाहेर येण्याचं होतं. ते अर्धं झालं आणि त्यांना खोकल्याची उबळ आली.

"उरलेलं उद्या," त्या म्हणाल्या. त्या दुखण्यातून त्या उठल्या नाहीत.

पॉलिशवाल्याने मला कोणाला पुसू दिलं नाही. बाईंचं तेवढंच अक्षर उरलं होतं. येणारा जाणारा म्हणे, "आता सावरा." सून म्हणे, "मामंजी, झाडताना पुसलं गेलं तर खापर माझ्यावर फुटेल." मुलगा तर रोजच टोके.

"बाबा, किती दिवस धरून बसणार? भिंत मोकळी करू."

"हात लावून बघ," तो म्हणायचा. पण पंखा फिरला तरी त्याचा जीव खालीवर व्हायचा.

आयुष्यभर त्याने लाकूड टिकवलं ते पॉलिश चढवून. अक्षर कोणाला पुसताच येऊ नये म्हणून त्याला दुसरं काय सुचणार? पॉलिशचा कापडी बोळा फिरवला तर खडू पुसला जाईल, म्हणून त्याने फवाऱ्याचा पंप आणला आणि बिनरंगी पॉलिश माझ्यावर उडवलं.

अक्षरं भिजली आणि दिसेनाशी झाली. वाळल्यावर उमटतील म्हणून तो समोर बसून राहिला. पॉलिश वाळलं, छान चकाकलं. अक्षर आलं नाही.

"जाऊ द्या बाबा," मुलगा म्हणाला. "एका अर्थी बरंच झालं."

"हो. घे तुझी भिंत."

मित्रांनो, तुमच्या घरी कोणी असं काही जपत बसलं असेल, तर त्याच्यामागे लागू नका. ते खडूचं अक्षर होतं. काही वर्षांनी आपलं आपण झडलंच असतं. तेवढी वर्षं तरी पॉलिशवाल्याला मिळायला हवी होती.