मागच्या जिन्यावरची मंडळी

दादाने रदबदली करून आपल्या धाकट्या साडूला नोकरी मिळवून दिली आणि वर्षभरातच त्याला त्याचा पश्चात्ताप झाला. साडू कामचुकार निघाला असता तर चार शब्द सुनावून मोकळं होता आलं असतं. पण तो कामाला चोख होता. त्याचा दोष एकच, तो सिगरेट ओढायचा.

ती कवळ्या बनवणारी लॅब होती. दातांच्या डॉक्टरांकडून हिरड्यांचे ठसे यायचे, त्यांचे प्लास्टरचे साचे व्हायचे आणि साच्यावर दादा मेणात एकेक दात बसवायचा. पुढे मेणाच्या जागी गुलाबी ॲक्रिलिक भरायचं काम धाकट्याचं, आणि शेवटची चकाकी पॉलिशवाल्याची. दादाला इथे अकरा वर्षं झाली होती. वरचे पुढचे सहा दात तो असे लावायचा, की माणूस खदखदून हसला तरी बघणाऱ्याला शंका येऊ नये. लॅबमध्ये सगळे त्याला दादाच म्हणायचे, वयाने मोठे असलेले साहेबसुद्धा.

साहेब म्हणजे लॅबचे मालक. त्यांना सिगरेट लागायची, पण एकट्याने ओढायला आवडायचं नाही. म्हणून दिवसातून चारदा ते, पॉलिशवाला आणि धाकटा असे तिघे मागच्या लोखंडी जिन्यावर जायचे. तिथले रिवाज ठरलेले होते. एप्रन खुंटीला अडकवल्याशिवाय बाहेर पडायचं नाही. काडी पेटवली की आधी दुसऱ्याची शिलगवायची, मग आपली. पाकिटात एकच उरली असेल तर ती पाकीटवाल्याची, ती मागायची नाही. परत आल्यावर साबणाने हात धुवायचे. आणि जिन्यावर कामाबद्दल चकार शब्द बोलायचा नाही.

हे सगळं दादाला ठाऊक होतं, कारण त्याचं टेबल नेमकं मागच्या दाराजवळ होतं. दार लोटलेलं असायचं. आतून शब्द कळायचे नाहीत, पण हसणं कळायचं. साहेबांचं हसणं तर असं, की लॅबमध्ये ते तसं कधी हसलेच नव्हते. इकडे तेवढ्यात फोन वाजायचा आणि मेण लागलेल्या हाताने दादालाच तो उचलावा लागायचा. "साहेब जरा बाहेर गेलेत," हे वाक्य त्याला दिवसातून चारदा म्हणावं लागायचं.

"मी आणला त्याला इथे," तो बायकोला म्हणायचा. "आणि आता साहेबांच्या खांद्याला खांदा लावून कोण बसतो? तो!"

"मग तुम्हीही जाऊन बसा की. कोणी अडवलंय?"

"मी काय धूर पीत बसू?"

शेवटी एकदा धीर करून त्याने साहेबांना विचारलंच. सिगरेट न ओढणाऱ्यांनी काय पाप केलंय? साहेब ओशाळले. म्हणाले, "खरंच की दादा. माझ्या लक्षातच आलं नाही. तुम्हीही हवं तेव्हा दहा मिनिटं बाहेर जात जा."

दुसऱ्या दिवशी दादा ऐटीत पुढच्या दारी जाऊन उभा राहिला. समोर चार गाड्या उभ्या होत्या. त्या बघून झाल्या. एका गाडीच्या टपावर मांजर होतं, तेही बघून झालं. चौथ्या मिनिटाला तो परत टेबलावर येऊन बसला. सुट्टी मिळाली होती, पण तिचं करायचं काय ते कोणी सांगितलं नव्हतं.

मग तो मागच्या जिन्यावर जाऊ लागला. नुसताच. साहेब सरकून जागा द्यायचे, पॉलिशवाला "या दादा" म्हणायचा, पण तो आला की बोलणं तुटायचं. मग हवापाण्यावर दोन वाक्यं व्हायची आणि साहेब अर्धी सिगरेट विझवून उठायचे. दादाला वाटायचं, आपण लग्नघरात चुकून शिरलोय.

त्याच सुमाराला साहेबांनी स्वतःच्या हाताने एक ठसा आणून त्याच्यापुढे ठेवला. चिठ्ठीवर नाव नव्हतं. खालची हिरडी झिजून पार सपाट झालेली, कवळी टिकायला कठीण. साहेब म्हणाले, "दादा, यात जीव ओता." दादाने ओतला. दोन दिवस दुसऱ्या कामाला हात लावला नाही. दात थोडे आखूड ठेवले, एक दात किंचित वाकडा लावला, म्हाताऱ्या माणसाच्या तोंडात शोभेल असा. साहेबांनी कवळी प्रकाशात धरून फिरवून बघितली आणि खिशात घातली.

आठवड्याने रात्री जेवताना बायको सहज म्हणाली, "साहेबांच्या आईची कवळी म्हणे फार झकास झालीय."

दादाचा घास हातातच राहिला. "कोणाची कवळी?"

"अहो, तुम्हीच नाही का केलीत? धाकटीचा फोन होता. म्हणाली, साहेबांच्या आईने वर्षभर तोंडाला पदर लावून काढलं. आता त्या हसायला लागल्या म्हणून साहेब जिन्यावर डोळे पुसत होते."

"म्हणजे तुझ्या बहिणीला माहीत, तुला माहीत, आणि जो मरमर मरून दात लावतो त्याला पत्ता नाही!"

त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. सकाळी लॅबमध्ये गेला तो थेट जिन्यावर. धाकटा आणि पॉलिशवाला दोघेच होते. साहेब फोनवर अडकले होते आणि त्यांचं पाकीट कठड्यावर होतं.

"मला का नाही सांगितलंस?" दादाने विचारलं.

धाकटा गडबडला. "मला वाटलं, साहेबांनी तुम्हाला सांगितलं असेल."

"मला कधी सांगणार? तुमचा दरबार इथे भरतो ना!"

धाकट्याने हातातली सिगरेट विझवली. मग हळूच म्हणाला, "रागावू नका दादा. पण तुम्ही आलात की घड्याळ चालत आल्यासारखं वाटतं. तोंडाने तुम्ही काही म्हणत नाही, पण सारखे मनगटाकडे बघता. मग माणूस आईबद्दल कसं बोलेल?"

हे खरं होतं, म्हणूनच जास्त झोंबलं. दादाने कठड्यावरचं पाकीट उचललं. आत एकच सिगरेट होती. पॉलिशवाला "अहो, अहो" म्हणेपर्यंत त्याने ती तोंडात धरून पेटवली आणि छाती फुगवून झुरका घेतला. पुढच्याच क्षणी तो कठड्याला धरून असा खोकत सुटला, की डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या.

साहेब दारात येऊन उभे राहिले. त्यांनी आधी रिकाम्या पाकिटाकडे पाहिलं, मग दादाकडे.

"द्या ती इकडे," ते शांतपणे म्हणाले. "तुमच्या बोटांना वास लागला तर मेणालाही लागेल." आणि दादाच्या हातातली सिगरेट घेऊन स्वतःच ओढू लागले. दादाला धरणी दुभंगावी असं झालं.

दोन झुरके घेऊन साहेब म्हणाले, "आईला खालची कवळी डाव्या बाजूला टोचतेय. डॉक्टर म्हणतात, जागेवर बसून कणभर घासायला हवी. आज दुपारी घरी जायचंय."

"मी येतो," धाकटा लगेच म्हणाला.

"तू नको. दादा येतील."

दुपारी दादा आपली पेटी घेऊन साहेबांच्या घरी गेला. आई खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या, लहानखुऱ्या, पण नजर धारदार. दादाने कवळी काढून घेतली, बोटाने हिरडी चाचपली, टोचणारी जागा हेरली आणि लहान यंत्रावर घासून पुन्हा बसवली. आईंनी दोनदा दात मिटून पाहिले.

"आता बरं वाटतंय," त्या म्हणाल्या. साहेब पाणी आणायला आत गेले होते. तेवढ्यात आईंनी दादाचं मनगट पकडलं. "तूच ना रे तो? लॅबमधला?"

"कोण, आई?"

"माझ्या पोराला जिन्यावर नेऊन सिगरेटी पाजणारा! शर्टाला वास येतो त्याच्या. विचारलं तर म्हणतो, लॅबमध्ये एक दोस्त आहे, त्याच्याशी चार सुखदुःखाच्या गोष्टी होतात. तो तूच ना?"

नाही म्हणायला अर्धा क्षण पुरला असता. पाणी घेऊन साहेबही दारात आले होते. दादाने त्यांच्याकडे बघितलं नाही.

"हो आई," तो म्हणाला. "मीच तो."

मग आईंनी त्याला फैलावर घेतलं. लाज नाही वाटत, घरी बायको काही बोलत नाही का, छातीचं खोकं होईल, स्वतःही मरशील आणि माझ्या पोरालाही नेशील. दादा खाली मान घालून एकेक शब्द ऐकत होता. इतकी मनापासूनची बोलणी त्याने कित्येक वर्षांत खाल्ली नव्हती. शेवटी दम लागून त्या थांबल्या आणि त्याचा हात थोपटत म्हणाल्या, "पण त्याच्याशी बोलत जा हो. वडील गेल्यापासून तो कोणाजवळ बोलत नाही."

"बोलतो," दादा म्हणाला, आणि त्याचे कान गरम झाले.

परतताना गाडीत साहेबांनी तो विषय काढला नाही. एकदा फक्त ते स्वतःशीच हसले.

लॅबमध्ये धाकटा वाटच बघत होता. "काय म्हणाल्या आई?"

"काय म्हणणार? टोचत होतं. घासून दिलं."

"माझ्याबद्दल काही विचारलं? साहेब म्हणत होते, त्यांना मला भेटायचंय म्हणून."

"नाही बुवा," दादा म्हणाला, आणि मेण तापवायला घेतलं.

बायकोलाही त्याने यातलं अवाक्षर सांगितलं नाही. तिला सांगितलं असतं, तर सकाळपर्यंत ते तिच्या बहिणीला कळलं असतं.