खाडीकडची भिंत

"डोळे मीट, बिर्टे. पडद्याकडे बघायचं नाही."

होल्गरचा तो आवाज माझ्याजवळ जसाच्या तसा आहे. तळाशी जरा खरखरीत, वर मऊ. चाळीस वर्षं झाली. खाडीकाठच्या स्पीकरच्या कारखान्यात तो खोकी करणारा सुतार होता आणि मी कान देणारी. पडद्यामागे दोन स्पीकर आळीपाळीने वाजायचे. पहिला गोड वाटला तर मी एक बोट वर करायचे, दुसरा वाटला तर दोन. एकही बोट वर गेलं नाही, की होल्गर मुकाट्याने पुन्हा रंधा उचलायचा.

"तुझ्या कानांनी माझी निम्मी जवानी खाल्ली," असं तो अजून चारचौघांत सांगतो.

आज आमच्या नव्या घराचं आढं चढलं. सुतारांनी वर सूचिपर्णीचा हार बांधला, खाली आम्ही बिअर आणि गरम सॉसेज मांडले. यजमानाने हात आखडला तर हाराच्या जागी फाटकी विजार टांगायची, ही इकडची रीत.

"होल्गर, मोहरीची चटणी संपत आली," कारखान्यातला आमचा जुना सोबती प्रेबेन म्हणाला. "माझी विजार तयार आहे बरं का."

"तुझी टांगली तर आढं मोडेल," होल्गर म्हणाला.

सगळे हसले, मीही हसले. प्रेबेनचं बोलणं मला त्याच्या ओठांवरून कळतं. तो रोज दाढी करतो, त्याचे उपकार. होल्गरच्या मिशा ओठांवर येतात. त्याचं मी अंदाजाने धरते. कानामागे बारीकशी यंत्रं आहेत, दोन वर्षांपूर्वी एकटीच बसने जाऊन आणलेली. तेव्हापासून मी केस मोकळे सोडते. "शोभतात तुला," होल्गर म्हणाला होता. यंत्रांमुळे जवळचे शब्द कळतात. गाणं मात्र कुणी पत्र्यावर खडी ओतावी तसं येतं.

आणि या घरात तो माझ्यासाठी ऐकायची खोली बांधतो आहे. सगळा हिवाळा स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याने तिची चित्रं काढली. आवाज घुमू नये म्हणून समोरासमोरच्या भिंती किंचित तिरप्या. दोन स्पीकर, समोर एक खुर्ची, तिघांत सारखं अंतर. खाडी दिसेल अशी घराला एकच भिंत, ती या खोलीला आली. तिथे त्याने खिडकी ठेवली नाही.

"काच आवाज परत फेकते," तो म्हणाला. "तुला तर ते लगेच खुपेल."

मी मान डोलावली. त्याने उभा जन्म ज्या कानांसाठी लाकूड तासलं, ते गेले, हे त्याला कुठल्या तोंडाने सांगायचं? उद्या त्या भिंतीवर फळ्या ठोकायच्या होत्या.

"ए, जुनी परीक्षा होऊन जाऊ दे," प्रेबेन म्हणाला. "बघू तरी, हिचे कान अजून तितकेच खडूस आहेत का."

होल्गर पोरासारखा खुलला. त्याने ढकलगाडीतून स्वतः घडवलेले दोन स्पीकर आणले, नुसत्या खांबांच्या त्या खोलीत निळी ताडपत्री टांगली आणि तिच्यामागे गेला. मला खडूच्या फुलीवर खुर्ची दिली. नको म्हणायला तोंड उघडलं, तोवर सुतार बाटल्या घेऊन भोवती उभे राहिले होते.

डोळे मिटले. थोड्या वेळाने घरघर सुरू झाली. वर चढे, खाली उतरे, मध्येच थांबे. चेलो असावा. मी ओळखीचं काही शोधत राहिले आणि सवयीने एक बोट वर केलं.

कुणाचा तरी हात खांद्यावर आला, तसे मी डोळे उघडले. प्रेबेनचा. त्याच्या दुसऱ्या हातातली बाटली ओठांपाशीच थांबली होती. होल्गर ताडपत्री बाजूला सारून उभा होता. स्पीकरची वायर त्याच्या हातात लोंबत होती.

"अगं, अजून जोडलंच नाही मी," तो म्हणाला.

खाडीवरून वारा आला. ताडपत्री फडफडली. तीच घरघर.

"चेष्टा करतेय ती," प्रेबेन घाईने म्हणाला. "कसं फसवलं तुला!"

एवढ्यावर निभावलं असतं. मी हसायचं होतं, बस. पण होल्गर माझ्या त्या वर राहिलेल्या बोटाकडे बघत होता, पूर्वी बघायचा तसा. त्याच्या मागे खांबांच्या फटींतून खाडी दिसत होती, वाऱ्याने पांढरी झालेली. उद्यापासून तीही दिसणार नव्हती.

मी उठले. केस कानामागे केले.

"होल्गर, ही भिंत बंद करू नकोस," मी म्हणाले. "इथे खिडकी कर, मोठी. मला आता गाणं ऐकू येत नाही."