आतल्या खिडकीची बटणं

माजलगावच्या बसस्टँडमागं कॉम्प्युटर क्लासची एकच खोली होती आणि तिथं प्रणिता शिकवायची. नवऱ्यानं, अमरनाथनं, दिवाळीत पुण्याहून येऊन तिथल्या एका जुन्या मशीनवर लिनक्स ही सिस्टीम बसवून दिली होती. पडद्यावर एक मोठी खिडकी, तिच्या पोटात आणखी एक. मुलींनी आतल्या खिडकीत सराव करायचा. आत काहीही बिघडलं तरी बाहेरचं शाबूत राहायचं.

पण एका कामावरून दुसऱ्यावर नेणारी ऑल्ट आणि टॅब ही बटणं आत एकत्र दाबली की काहीच होत नसे. पत्रावरून हिशेबावर जायचं तर माऊस धरून शोधत बसावं लागे.

"मॅडम, ह्याला बाहेरचं लागलंय," क्लासमधली ईश्वरी म्हणाली. "लिंबू उतरून टाकू का?"

"आधी कीबोर्ड उतरव," प्रणिता म्हणाली.

उपडा करून झटकला तर शेंगदाण्याची टरफलं निघाली. शेजारच्या झेरॉक्सवाल्याचा कीबोर्ड लावून पाहिला. आतल्या खिडकीच्या सेटिंगची फाईल तिनं ओळ न ओळ तपासली. सगळं बरोबर होतं, आणि तरी चालत नव्हतं.

एरवी तिनं माऊसवर भागवलं असतं. पण पुण्यातल्या एका संस्थेला हीच सिस्टीम शिकवणारी बाई हवी होती. अमरनाथनं शब्द टाकला होता आणि रविवारी फोनवर तिचा होकार घेऊन तो लगेच कळवणार होता. लग्नाला तीन वर्षं झाली होती. तो तिकडं कॉट बेसिसवर राहायचा, ही इकडं सासरी. नोकरी लागली असती तर दोघांच्या पगारात एक खोली झाली असती. तिनं मनाशी ठरवलं होतं, ही बटणं चालली तरच हो म्हणायचं. नाहीतर तिथं पहिल्याच दिवशी हसं होईल.

शुक्रवारी महादेवाच्या देवळात शिवकीर्तन होतं. कीर्तन ऐकताना माणूस घरचं विसरतो, तशी तीही विसरली. सासरे, महारुद्रअप्पा, टाळ घेऊन पहिल्या ओळीत होते. कपाळभर भस्म, डोळे मिटलेले. बुवांनी चरण सोडला की अप्पा तो वरच्यावर झेलायचे. एकदा बुवांनी बायकांकडं हात केला, म्हणजे आता तुम्ही म्हणा. बायकांनी तोंड उघडायच्या आत अप्पांनी उचललासुद्धा. सगळा मंडप हसला. अप्पाही हसले, पण पुढच्या चरणाला पुन्हा तेच.

प्रणिता हसता हसता थांबली. बायका मुक्या नव्हत्या. त्यांच्यापर्यंत चरण येतच नव्हता.

शनिवारी तिनं ऑल्ट-टॅब दाबून आतल्या खिडकीकडं न बघता बाहेरच्या खिडकीच्या तळपट्टीकडं बघितलं. तिथं काहीतरी लुकलुकलं. बटणं बाहेरची खिडकीच झेलत होती. बाहेर दुसरं काही उघडलेलंच नसल्यामुळं दिसत काही नव्हतं. तिनं बाहेरच्या खिडकीच्या सेटिंगच्या फाईलमधली त्या बटणांची ओळ काढून टाकली आणि मशीन पुन्हा चालू केलं. आतल्या खिडकीत पत्र मागं गेलं, हिशेब पुढं आला.

"निघालं बाहेरचं!" ईश्वरी ओरडली.

फोन होता घराला लागून असलेल्या अप्पांच्या किराणा दुकानात, गल्ल्याशेजारी. रविवारी सकाळी प्रणिता भाकरी थापत होती. घंटी वाजली तशी ती पिठाच्या हातानं धावली. दुकानात पोचेपर्यंत अप्पा फोन ठेवत होते.

"अमरनाथचा होता?"

"मंग कुणाचा? मोकळी केली बघ तुला." अप्पांचा चेहरा खुलला होता. "ती येती का, म्हणून इचारत होता. म्या म्हनलं, न्हाई बाबा. एवढ्या लांब लोकाची चाकरी कशाला? हितं लेकीवानी हाय."

"मला विचारायचं होतं, अप्पा."

"त्यात काय इचारायचं? तुज्या मनातलं मला कळत न्हाई व्हय?"

त्यांच्या बोलण्यात कपट नव्हतं. असतं तर भांडता आलं असतं. अमरनाथ बूथवरून बोलायचा, तिकडं उलटा फोन लागत नव्हता. तिनं त्याच दिवशी होकाराचं पत्र टाकलं. ते पोचायच्या आत ती जागा भरली.

पुढच्या रविवारी फोन वाजला तेव्हा दुकानात ती एकटीच होती. अप्पा ओट्यावर कुणाशी तरी बोलत उभे होते. तिनं फोन उचलला. "हॅलो," अमरनाथ म्हणाला. अप्पा घाईनं आत आले, त्यांनी हात पुढं केला. तिनं तो त्यांच्या हातात दिला.

तब्येत, पाऊस, साखरेचा भाव. मग अप्पांनी फोनवर तळवा ठेवला.

"तुला काई सांगायचंय का गं?"

"सांगा, बटणं चालायलीत."

"बटणं चालायलीत म्हणती," अप्पा मोठ्यानं म्हणाले. तिकडून अमरनाथ बराच वेळ काहीतरी बोलत राहिला. अप्पा हूं हूं करत ऐकत होते, मधेच हसलेही. मग त्यांनी फोन ठेवला आणि दारात उभ्या असलेल्या गिऱ्हाईकाला विचारलं, "बोला, काय देऊ?"